बिनपायांचे प्रेषित

आमच्या हिच्या मामांनी नगर जिल्ह्यातल्या सगळ्या पवित्र शास्त्राला चेहरे दिले, पण पाय कुणालाही दिले नाहीत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. केडगावपासून पाथर्डीपर्यंत आणि इकडे काष्टीपर्यंत ज्या ज्या लहानमोठ्या चर्चच्या भिंतीवर मामांचा ब्रश फिरला, तिथे जाऊन बघावं. अब्राहाम कंबरभर गवतात उभा आहे. नोहा आणि त्याचं सगळं कुटुंब तारवाच्या कठड्यामागे दाटीवाटीने उभं आहे. योना माशाच्या तोंडातून छातीपर्यंतच बाहेर आलाय, आणि त्याच्या तोंडावर जे समाधान दिसतं ते त्याचं नसून मामांचं आहे. जक्कय तर मामांचा फार लाडका. ठेंगणा असल्यामुळे तो प्रभूला बघायला झाडावर चढला आणि त्याच्या पायांची सोय परस्पर पानांनी झाली. मामांनी त्याला आमच्याकडच्या चिंचेवर चढवला होता. पूर्वेकडून आलेल्या तिन्ही राजांचे झगे असे जमिनीवर लोळायचे की ते राजे आहेत की झाडूवाले, असा प्रश्न पडावा. वधस्तंभ मामा कायम रिकामा काढत. आपल्या पंथाची रीतच तशी आहे, असं कारण ते सांगत आणि ते खोटंही नव्हतं, पण खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा प्रभू समुद्रावरून चालत येतो तो देखावा त्यांच्या वाट्याला आला. मामांनी लाटा अशा उंच काढल्या की प्रभूचे घोटे बुडाले. त्या चर्चचे पाळकसाहेब बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, प्रभू पाण्यावर चालला की पाण्यात?"

"वारा होता," मामा म्हणाले. "लाट वर आलीय. खाली जाईल आत्ता."

ती लाट अजून खाली गेलेली नाही.

मामा एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल, चष्म्याच्या काचेवर कधी पिवळा तर कधी निळा ठिपका. नोकरी संपली, मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मग केडगावच्या दोन खोल्यांना कुलूप लावून रंगाचे डबे घेऊन गावोगाव हिंडायचं आणि चर्चच्या भिंती रंगवून द्यायच्या, हा त्यांचा उद्योग झाला. एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. घराघरांत टीव्ही आला होता, नाताळच्या दुकानांत परदेशी चित्रांची कॅलेंडरं मिळू लागली होती. त्यांतला गोरापान, निळ्या डोळ्यांचा येशू बघून मामा चष्मा काढून पुसत. "ह्याला आपल्याकडचं ऊन एक दिवस सोसेल का?" असं विचारत. त्यांचा येशू सावळा आणि रापलेला असे. त्याच्या खांद्यावरचं कोकरू काळं असे, कारण आमच्या माळावर मेंढरं काळीच दिसतात. शेवटच्या भोजनाच्या ताटात भाकरी असे. एका ठिकाणी त्यांनी भाकरीशेजारी ठेचाही काढला. पंचमंडळींची सभा बसली, वाद झाला, आणि शेवटी मामा म्हणाले, "ठेचा पुसतो. भाकरीला हात लावायचा नाही."

पवित्र खुणांच्या बाबतीतही त्यांचं तसंच. काष्टीच्या अलीकडच्या एका गावात जुन्या चर्चच्या व्यासपीठावर जहाजाचा नांगर कोरलेला होता. आशेची खूण म्हणून कुणा मिशनरी साहेबाने शंभर वर्षांपूर्वी तो कोरून घेतला असावा. पण त्या गावात जहाज कुणी बघितलं नव्हतं. सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या असं धरून चाललं होतं की विहिरीत पडलेली बादली काढायचा तो गळ आहे. मामा रंग द्यायला बसले तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना समजावून सांगितलं, "मास्तर, मानूस हिरीत पडला तरी देव गळ टाकून वर काढतो, त्याची खून हाय ती." मामांनी ब्रश खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत विचार केला. दुसऱ्या दिवशी त्या नांगराला त्यांनी एक जाडजूड सुंभाचा दोर काढला, पीळ न् पीळ दाखवून, आणि दोराचं दुसरं टोक वर ढगात नेऊन सोडलं. गाव खूश झालं. नगरहून आलेल्या एका विद्वानाने विचारलं की नांगराचा दोर आभाळात कसा? मामा म्हणाले, "तुम्ही विहिरीत पडला नाहीत अजून. पडा, मग दिसेल."

चेहऱ्यांसाठी मात्र ते काहीही करत. एसटीत समोरच्याकडे टक लावून बघायचे आणि मग मास्तरकीच्या आवाजात, "हलू नका, थोडं डावीकडे बघा," असं फर्मावायचे. पाथर्डी गाडीचा एक कंडक्टर असाच कातडी पिशवीसकट जकातदार मत्तय झाला. त्याची बायको नंतर शेजारणींना घेऊन नवरा दाखवायला चर्चमध्ये आली. चर्चचा उंबरा ती त्या दिवशी पहिल्यांदाच ओलांडत होती.

माझाही मामांना उपयोग होता. एक म्हणजे माझ्याकडे स्कूटर होती. दुसरं म्हणजे माझा चेहरा. मी स्वभावानेच अपराधी माणूस. एसटी उशिरा आली तरी मला वाटतं, आपलंच काही चुकलं असेल. उपासनेत पापांची कबुली सुरू झाली की बाकीचे नुसती मान खाली घालतात, मी घाम पुसतो. ऑफिसात साहेबांनी नुसती घंटा वाजवली तरी शिपायाआधी मी उभा राहतो. मामांना असा चेहरा हवाच असायचा. जिल्ह्यातल्या तीन गावांत उधळा पुत्र मीच आहे. बापाच्या झग्यात तोंड खुपसून रडतोय. एका भिंतीवर फळ खाल्ल्यानंतरचा आदाम आहे, तोही मीच, झुडपामागे. ही ते चित्र बघून म्हणाली, "मामा, ह्यांना एकदा फळ खायच्या आधीचा आदाम करा की. मलाही बघू द्या तो कसा असतो."

"तो चेहरा तुझ्या नवऱ्याकडे नाही," मामा म्हणाले.

आता पायांचं कारण. मामा तरुणपणी नवे नवे मास्तर झाले होते तेव्हा शाळा तपासायला साहेब आले. मामांनी मोठ्या उमेदीने भिंतीवर चांगला मेंढपाळ काढला होता, पूर्ण, उघड्या पायांचा. साहेबांनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, फार वाखाणलं, आणि जाताना विचारलं, "पण मास्तर, मेंढपाळाने पुढ्यात ही रताळी का ठेवलीत?" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मामांच्या चित्रांत गवत वाढू लागलं.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे तो घोळ मीच घातला.

पाथर्डीच्या पूर्वेला एक लहानसं गाव आहे. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, तीस-एक कुटुंबं, आणि त्यातली बहुतेक दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. फाल्गुन-चैत्रात कारखाने बंद झाले की माणसं परत येतात. तोपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री. मी ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो होतो. तिथल्या सगुणाआजींनी, त्या मंडळीत सगळ्यांत थोरल्या, मला बसवून चहा दिला आणि विचारलं, "तुमचे मामा भितीवर देव काढतात म्हनं. आमाला एक काढून देतील का? प्रभू शिष्यांचे पाय धुतोय, त्यो देखावा?"

"देतील की!" मी म्हणालो. "आनंदाने देतील. ईस्टरच्या आत."

कुणी काही मागितलं आणि माझ्याकडे नसलं की मला इतकं ओशाळायला होतं, की मग दुसऱ्याकडचं देऊन मोकळा होतो. परतीच्या वाटेवर करंजीचा घाट उतरताना डोक्यात प्रकाश पडला. पाय धुणे. बारा शिष्य. चोवीस पाय. मी स्कूटर बाजूला घेतली आणि बराच वेळ घाटाकडे बघत उभा राहिलो.

मामांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "शब्द दिलात, जावईबापू?"

"दिला."

"भिंत?"

"चुना देऊन तयार आहे."

त्यांनी मान हलवली. मग आमच्याच घरी मला खुर्चीवर बसवून बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं, त्याचीही मला लाज वाटली. माझ्या उजव्या पायाचा अंगठा स्कूटरला किक मारता मारता एकदा मोडलाय, तो वाकडाच जुळला. मामांनी जुन्या वर्तमानपत्रांवर पाय काढायला घेतले. एक, दोन, दहा. ही स्वयंपाकघरातून आली, कागदांकडे बघितलं आणि काही न बोलता परत आत गेली. तिचं ते न बोलणं मामांना बरोबर ऐकू आलं. त्यांनी कागद गोळा केले आणि बंबात घातले.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी मी त्यांना डब्यांसकट त्या गावी सोडलं. रजा काढून स्वतःही राहिलो. मामांना एकटं सोडून यायला मला तोंड नव्हतं. बुधवारपर्यंत मामांनी कोळशाने पूर्ण देखावा भिंतीवर उभा केला. चेहरे बघून मी थक्क झालो. असा पेत्र, असा योहान मी कुठे बघितला नव्हता. मधोमध प्रभू गुडघ्यावर बसलेला, कमरेला पंचा. आणि त्याच्या पुढ्यात एक घंगाळ. एवढं मोठं घंगाळ की त्यात म्हैस बसावी. बाराही शिष्यांचे पाय त्या घंगाळात.

सगुणाआजी काठी टेकत आल्या. चित्राजवळ गेल्या, मग लांब गेल्या.

"मास्तर, पाय कुठं हायेत?"

"घंगाळात."

"समद्यांचे?"

"सगळ्यांचे."

"मंग ह्ये धुतोय का शिजवतोय?"

मला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच वाईट वाटलं. पण आजी हसत नव्हत्या. त्या खाली बसायला गेल्या, बसता येईना, म्हणून बाकाला टेकल्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मी तरनी हुते तवा आमी बी कोयता घिऊन जायचो. सा-सा म्हैनं. परत आलं की माझी सासू चर्चच्या दारात बसून समद्यांच्या पायावर पानी घालायची. गावात प्यायला पानी नसलं तरी त्येवढं ती ठिवायचीच. पायाला हात लावून धुवायची, मंग आत घ्यायची. मला वाटायचं, आता आलो आपन. ती गेल्यावर मी घालत आले. औंदा माझं गुडघं वाकंनात. माझ्या सुना समद्या कोयत्यावर, मागं हायेच कोन? म्हनून म्हनलं, भितीवर तरी असू द्या. मी न्हाई तर त्यानं घालावं."

आजी गेल्यावर मामांनी फडकं बादलीत बुडवलं आणि मी "मामा, मामा" म्हणेपर्यंत अख्खी भिंत पुसून टाकली. पेत्र गेला, योहान गेला. दोन दिवसांवर गुड फ्रायडे आणि भिंत कोरी. "ती म्हातारी खरं मागतेय, जावईबापू," ते म्हणाले. "आणि मी तिला भांडं दाखवतोय."

गुरुवारी उन्हं कलताना माणसं आली. ट्रकमधून आधी संसार उतरले, मग कोंबड्या, मग लेकरं, मग माणसं. रिवाजाप्रमाणे सगळी चर्चच्या दाराशी जमली. आजींनी राखून ठेवलेला हंडा आणि परात पुढ्यात होती. त्या काठी टाकून वाकायला गेल्या. अर्ध्यात अडकल्या. पुन्हा गेल्या. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मला बघवेना. बाकीचेही दुसरीकडे बघू लागले.

मामांनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि धोतर सावरून सरळ मातीत बसले.

पहिली आजींची थोरली सून होती. ती मागे सरली. "मास्तर, तुमी नगा शिवू. लई घान हायेत पाय."

"हलू नको," मामा म्हणाले, अगदी एसटीतल्या आवाजात. "थोडा डावीकडे."

त्यांनी टाच तळहातावर तोलून घेतली. पाचटाने चिरलेली कातडी, टाचेच्या भेगा, कोयत्याचा जुना व्रण, सगळ्यावरून ते अंगठा फिरवत होते, पाणी घालत होते, पुन्हा फिरवत होते. पाय उलटा करून तळवा बघितला. बोटं एकेक करून मोकळी केली. चष्मा नाकावर आला होता, तो वर करायचंही त्यांना भान नव्हतं. रांग मागे वाढत होती. शेवटी मागून एक गडी ओरडला, "ओ मास्तर, पाय धुताय का काष्टीच्या बाजारात बैल पारखताय?"

सगळे हसले. आजीही हसल्या. मामा मान वर न करता म्हणाले, "तुझा नंबर येऊ दे. दातसुद्धा बघणार आहे."

सगळे झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बसा, जावईबापू."

"छे, छे! मामा, तुम्ही वडीलधारे. मला पाप लागेल."

"प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही असाच अडून बसला होता," मामा म्हणाले. "काय उपयोग झाला? बूट काढा."

मी कुठे उसाला गेलो होतो? माझा पाय ऑफिसातला, पांढरा, मोज्यातला. त्या सगळ्या लोकांसमोर तो परातीत ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हंड्यात तळाला तांब्याभर पाणी उरलं होतं, ते माझ्यासाठी खर्च होणार म्हणूनही जीव खाली-वर होत होता. मामांनी वाकडा अंगठा बोटांत धरला, त्यावर पाणी घातलं आणि पंच्याने पुसला. एवढंच. पण माझ्या आत काहीतरी सैल झालं. त्या वेळी मी कसा दिसत होतो ते मला ठाऊक नाही. मामा मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पायाकडे बघायचं सोडून.

शुक्रवारी पहाटे ते भिंतीपुढे बसले ते शनिवारी दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. गुड फ्रायडेची उपासना मंडळीने बाहेर लिंबाखाली केली. रविवारी सूर्योदयाच्या उपासनेला दार उघडलं आणि लोक आत आले. गाणं सुरू व्हायचं होतं, ते होईना.

भिंतीवर पाय होते. चिरलेले, भेगाळलेले, धुतलेले, ओले. दिसायला जरा मोठेच झाले होते. घंगाळाची आता साधी परात झाली होती. आजींची सून पुढे झाली आणि म्हणाली, "अगं बया, ह्यो तर माझा पाय!" मग एकच गलका. "ह्यो नान्याचा, बघ, बोट तुटल्यालं." "ही टाच माझी, तुजी न्हाई, तुजी कवा एवढी निगुतीची हुती?" बारा प्रेषितांचे पाय दहा मिनिटांत गावात वाटले गेले. रताळी हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. मामा कोपऱ्यात उभे होते, आणि मी त्यांच्याकडे बघितलं तर चष्मा पुसत होते, जरा जास्तच वेळ.

सगुणाआजींनी चित्राला हात लावला नाही. नुसत्या म्हणाल्या, "आता मी जायला मोकळी." तेवढ्यावरून सुनेने त्यांना सणासुदीला अभद्र बोलतात म्हणून चांगलं फैलावर घेतलं.

पाथर्डीहून आलेल्या पाळकसाहेबांनी विचारलं, "सुंदर आहे, मास्तर. पण शिष्यांचे चेहरे?"

खरोखर, पायांवर झगे होते, झग्यांवर मानेपर्यंत आकार होते, आणि त्यावर नुसता चुना. प्रभूचाही चेहरा खाली झुकलेला असल्यामुळे केसांतच गेला होता.

"पायांतच वेळ गेला," मामा म्हणाले. "चेहरे काय, कधीही येतात मला."

पण ते राहिले. पावसाळ्यात मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, मग छातीचं दुखणं निघालं. दोन-तीनदा स्कूटर काढायची ठरवली आणि दोन-तीनदा ते दम लागून जिन्यातच बसले. प्रभूच्या हातात जो पाय आहे त्याचा अंगठा वाकडा आहे. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, त्याच्यावर तरी माझा चेहरा नका काढू. माझी तेवढी लायकी नाही."

मामा उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "तुमचा नेहमीचा चेहरा तिथे चालायचाच नाही, जावईबापू. त्या संध्याकाळी पाणी घातल्यावर तुमचा एक वेगळाच झाला होता. मी बघितला, पण हातात धरून ठेवता आला नाही. पुन्हा कधी आला तर निरोप पाठवा."

त्यानंतरच्या नाताळाच्या आधी मामा गेले. पाळकसाहेबांनी दुसरा पेंटर आणून चेहरे पुरे करून घेऊ म्हटलं, तर मंडळीने नको सांगितलं. सगुणाआजी अजून आहेत. गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्या बाकावर बसून हुकूम सोडतात. त्यांची धाकटी सून आता दोन वर्षं कोयत्यावर जात नाही, गावातच शिवणाचं मशीन चालवते. दारात परात घेऊन तीच बसते.

मीही दर वर्षी पवित्र गुरुवारी जातो. रांगेत शेवटी उभा राहतो आणि नंबर आला की काही न बोलता पाय पुढे करतो. मग ओल्या पायांनी आत जाऊन भिंतीसमोर बसतो. त्या वाकड्या अंगठ्याच्या वर चेहऱ्याची जागा कोरीच आहे. तिथे बघून मी थोडं हसून घेतो, आणि डावीकडे वळून जरा वेळ न हलता बसतो. मामा कुठून बघत असतील तर तो चेहरा काढून घ्यावा म्हणून.